मे महिन्यात पुणे फिरायचं तर जागेआधी वेळ ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नांदेडच्या एक ताई मेच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पुण्याला येतायत, सोबत नवरा, सत्तरीतले सासू-सासरे, सहा आणि अकरा वर्षांची दोन मुलं, मुक्काम कोथरूडला नणंदेकडे. यादी त्यांनी स्वतःच केलीय, शनिवारवाडा, सिंहगड, ताम्हिणीचे धबधबे, लोणावळ्याचा भुशी डॅम, कात्रजचं प्राणीसंग्रहालय, एक दिवस महाबळेश्वर, दगडूशेठ आणि आळंदी. यातलं काय जमेल असं विचारलंय आणि शेवटी लिहिलंय की आमच्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस असतं, पुण्याचं ऊन आम्हाला काय जाणवणार.

बाहेरगावच्या कुटुंबांना पुणे दाखवणं हेच माझं काम आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर रोजच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू. पुण्याचा पारा नांदेडपेक्षा कमी असतो हे खरंय, पण नांदेडला तुम्ही दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडत नाही ना, घरात कूलर असतो, खिडकीला वाळ्याचे पडदे असतात. इथे पाहुणे म्हणून आलात की नेमकं भर दुपारी शनिवारवाड्याच्या दगडावर उभे असता. शिवाय पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये अजून कूलर नसतो, पंख्यावरच भागवतात. आणि एप्रिल आणि मे मध्येही फरक आहे, एप्रिलमध्ये ऊन कोरडं आणि कडक पण रात्री छान गार होतं, मेमध्ये ढग यायला लागतात, हवेत दमटपणा येतो, रात्री उकडतं आणि संध्याकाळी कधीही वळीव कोसळतो. तेव्हा ऊन कमी आहे म्हणून दिवसभर फिरू असं धरून चालू नका.

पण पुण्याची एक गोष्ट फार चांगली आहे. साधारण पाच-साडेपाचला पश्चिमेकडून वारा सुटतो आणि अर्ध्या-पाऊण तासात हवा बदलते. मेमध्ये सूर्य सकाळी सहाला उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहा ते साडेदहा आणि साडेपाच ते रात्री दहा असे जवळजवळ नऊ तास तुमच्या हातात आहेत. मधला वेळ जेवण, झोप, नाहीतर छताखालचं काहीतरी. एवढं एक पाळलंत तर चार दिवसात खूप बघून होईल आणि सासूबाईंना त्रास होणार नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की कुठे जायचं ते नंतर, कधी जायचं ते आधी ठरवा, कारण तीच जागा सकाळी सातला सुंदर असते आणि दुपारी दोनला नकोशी होते.

आता यादीतून काय काढायचं ते. ताम्हिणीचे धबधबे आणि भुशी डॅम सरळ काढून टाका. मोबाईलवर जे हिरवेगार फोटो दिसतात ते जुलै-ऑगस्टचे असतात, मेमध्ये ताम्हिणीत कोरडे कातळ आणि वाळलेलं गवत असतं, भुशीच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर पाणी वाहत नसतं, वाहायला आधी धरण भरावं लागतं आणि ते पावसाळ्यात भरतं. लोणावळा तसं पासष्ट किलोमीटरवर आहे, जाऊन येणं अवघड नाही, पण पाण्यासाठी जाणार असाल तर पुन्हा पावसाळ्यात या. महाबळेश्वरही एका दिवसात नको. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे पण मेच्या सुट्टीत पसरणीच्या घाटात आणि पाचगणीत गाड्यांची रांग लागते, मुलांना उलट्या होतात, म्हातारी माणसं सात-आठ तास बसून आखडतात आणि वर पोचल्यावर पॉइंट बघायला जेमतेम दोन तास मिळतात. महाबळेश्वर करायचं तर दोन रात्रींचा मुक्काम ठेवूनच करा, ती वेगळी ट्रिप आहे.

सिंहगड मात्र नक्की ठेवा, फक्त पहाटे. रविवार सोडून कुठल्याही दिवशी कोथरूडहून साडेपाचला गाडी काढायची, रस्ता रिकामा असतो, खडकवासला धरणाच्या कडेने जाताना उजेड होतो आणि सातच्या आत तुम्ही वरच्या पार्किंगला. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पुण्यापेक्षा सातशे-साडेसातशे मीटर वर, त्यामुळे मेमध्येसुद्धा सकाळी वर मस्त गार वारा असतो, सासूबाईंना शाल लागली तर नवल नाही. पार्किंगपासून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेत, हळूहळू चढल्या तर सत्तरीतली माणसं चढतात, गुडघे फार दुखत असतील तर आजी-आजोबांना दरवाज्याजवळ सावलीत बसवा, तिथूनही खालचं धरण दिसतं. आत तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक आहे, १६७० सालची ती लढाई अकरा वर्षांच्या मुलाला कड्यापाशी उभं करून सांगा, तो कडा समोर दिसत असताना गोष्ट ऐकणं वेगळंच. राजाराम महाराजांचं निधन याच गडावर १७०० साली झालं, त्यांची समाधी इथे आहे, आणि लोकमान्य टिळकांचा बंगलाही आहे. देवटाक्याचं पाणी बघा, एवढ्या उन्हाळ्यातही गारेगार असतं.

आणि खाणं. गडावरच्या बायका चुलीवर भाकरी थापतात, पिठलं, वांग्याचं भरीत, खरडा, कांदाभजी आणि छोट्या मडक्यात लावलेलं दही. हे दही पोरांना फार आवडतं, मडकं उलटं केलं तरी पडत नाही इतकं घट्ट असतं, वरून साखर घालून देतात. मेमध्ये टोपलीत करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या मावश्या पण भेटतील, पळसाच्या पानाच्या द्रोणात देतात, घ्याच. साडेनऊपर्यंत पोटभर खाऊन खाली उतरायला लागा, कारण दहानंतर गडावर सावली शोधावी लागते, झाडं फार नाहीत. रविवारी नको म्हणालो ते यासाठी की सकाळी आठनंतर घाटरस्त्यावर गाड्या अडकून पडतात आणि वर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं, मग सगळं केलेलं वाया.

येताना खडकवासल्याच्या चौपाटीवर मुलं थांबा म्हणणारच. कणीस खा, भजी खा, पाणी लांबून बघा, पण पाण्यात कोणीही उतरायचं नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाला वरून सुकलेला वाटणारा गाळ असतो, पाय टाकला की माणूस रुततो आणि दोन पावलांवर खोली एकदम वाढते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना, सगळीकडे हीच गोष्ट आहे आणि दर उन्हाळ्यात या धरणांमध्ये बुडून माणसं जातात, बहुतेक बाहेरून आलेली तरुण मुलं, पोहता येणारीसुद्धा. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर सिंहगडाच्या बाजूला आणि लोहगावच्या बाजूला वॉटर पार्क आहेत तिथे न्या, सकाळी उघडताना जा, सनस्क्रीन आणि अंगभर बाह्यांचे टी-शर्ट घालून.

शनिवारवाड्याबद्दल स्पष्ट सांगतो कारण इथे लोकांचा अपेक्षाभंग होतो. १७३० साली थोरल्या बाजीरावांनी बांधायला घेतला, १७३२ला वास्तुशांत झाली, पण १८२८च्या आगीत आतला सगळा लाकडी महाल जळून गेला, ती आग कित्येक दिवस धुमसत होती. त्यामुळे आत आज तटबंदी, जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ आहे, छत नाही. दुपारी आत गेलात तर दगड भट्टीसारखा तापलेला असतो आणि दहा मिनिटांत पोरं चला ना म्हणायला लागतात. सकाळी उघडल्या उघडल्या जा. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे ते लांब अणकुचीदार खिळे मुलांना हात लावून बघू द्या, हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ठोकलेत. वर नगारखान्यात चढलात की पेठांची छपरं दिसतात आणि तिथे वारा लागतो. आत हजारी कारंज्याचा हौद शोधा, सोळा पाकळ्यांचं कमळ आहे.

इथे पाण्याची एक गोष्ट सासऱ्यांना नक्की आवडेल, मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. पेशव्यांच्या काळी नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळांतून उताराने शहरात आणलं, ना पंप ना वीज, नुसता उतार, आणि पेठांत जागोजागी हौद बांधून लोकांना दिलं. काही हौदांची नावं अजून पत्त्यांमध्ये वापरतात. कात्रजला प्राणीसंग्रहालयात गेलात की तोच तलाव बाजूला दिसेल, तेव्हा पोरांना सांगा की इथलं पाणी दहा किलोमीटर चालत शनिवारवाड्याला जायचं.

पेठांमध्ये गाडी घेऊन जाऊ नका. तुम्ही कोथरूडला आहात म्हणजे वनाज किंवा आनंदनगरला मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला बदला, तिथलं खालचं स्टेशन जमिनीखाली खूप खोल आहे, सरकत्या जिन्यांवरून उतरत राहता आणि मुलांना तीच एक सहल वाटते, मग गाडी मुठा नदीच्या खालून पलीकडे कसबा पेठेला जाते, पुढचं स्टेशन मंडई आणि त्यापुढे स्वारगेट. हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला आणि उन्हाळ्यात फिरणाऱ्यांचं फार भलं झालं, एसी डबा, सावली, पार्किंगची कटकट नाही. जाताना डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांची छपरं बघा, पगडीच्या आकाराची केलीत.

पेठांची फेरी मी संध्याकाळीच करायला सांगतो, सहाच्या पुढे. कसबा पेठेला उतरायचं, कसबा गणपती म्हणजे पुण्याचं ग्रामदैवत, पहिलं दर्शन तिथे. मग लाल महाल आणि शनिवारवाडा बाहेरून (आतून वेगळ्या दिवशी सकाळी बघायचाच आहे), तिथून चालत दगडूशेठ. दगडूशेठला अक्षय्य तृतीयेला अकरा हजार आंब्यांचा नैवेद्य असतो, गाभाऱ्यात सगळीकडे हापूस मांडलेला, तुमची तारीख त्याच्या आसपास असेल तर मुद्दाम गाठा, नंतर ते आंबे ससून रुग्णालयातल्या पेशंटना वाटतात. उन्हाळ्यात तिथे मोगऱ्याची आरासही करतात, वास रस्त्यापर्यंत येतो. पुढे तुळशीबाग, बायकांची खरेदी तिथे होणार हे धरून वेळ ठेवा, पण आत शिरून राम मंदिरही बघा, गजबजाटाच्या मधोमध इतकी शांत जागा आहे की आजी-आजोबांना सोडून तुम्ही तासभर खरेदी करून आलात तरी ते आनंदात असतील. शेवटी मंडई, इंग्रजांच्या काळात १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेली ती अष्टकोनी दगडी इमारत, छताकडे मान वर करून बघा, आणि मेमध्ये मंडईच्या आजूबाजूला आंब्याच्या पेट्या, कैऱ्या, फणसाचे गरे, ताडगोळे. ताडगोळे सोलून घ्या, घरी आणून फ्रिजमध्ये ठेवा.

आंब्याचं थोडं बोलतो कारण पाहुणे इथेच फसतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणचा हापूस भरात असतो आणि भावही एप्रिलपेक्षा उतरलेले असतात, पण त्याच वेळी कर्नाटकचा आंबा पण बाजारात भरपूर असतो आणि काही ठिकाणी तो देवगड-रत्नागिरी म्हणून खपवतात. खाली ठेवलेल्या पेटीतलं एक फळ उचलून देठाजवळ वास घ्या, कोकणचा हापूस न कापताही घमघमतो, साल पातळ असते. पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात शेतकऱ्यांकडून थेट मिळतो, चालू असेल तर तिथूनच घ्या. आणि आमरसासाठी हापूसच हवा असा हट्ट नको, पायरी घ्या, रस जास्त निघतो आणि चवही रसाला पायरीचीच चांगली. थाळीच्या हॉटेलांमध्ये सध्या सगळीकडे आमरस-पुरी असते, फक्त दुपारी ते जड जेवण करून परत उन्हात निघू नका, जेवून घरी झोपा.

दुपारी घरी बसवत नसेल तर दोनच गोष्टी मनापासून सांगेन. पहिली म्हणजे शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय. डॉ. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर दारोदार हिंडून वस्तू जमवल्या, लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. लोक तिथे अर्ध्या तासात उरकतात आणि मला फार वाईट वाटतं. अडकित्त्यांची कपाटं आहेत, त्यासमोर थांबा. सुपारी कातरायची साधी वस्तू, पण कुणाचा अडकित्ता पोपटासारखा, कुणाचा घोड्यासारखा, कुठे बायका-पुरुषांच्या जोड्या, घडवणाऱ्याने रोजच्या वापरातल्या पितळेवर किती जीव लावलाय ते दिसतं. सासूबाईंना तिथली स्वयंपाकघरातली भांडी, विळ्या, खिसण्या, दिवे दाखवा आणि नातवंडांना त्यांनाच समजावून सांगू द्या, मी कितीतरी आज्यांना तिथे बोलतं होताना पाहिलंय, गाईडला तोंड उघडावं लागत नाही. कोथरूडहून उचलून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आत आहे. जिने मात्र बरेच आहेत, सासऱ्यांना झेपतील तेवढेच मजले करा.

दुसरी म्हणजे तुमच्याच कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. बंद हॉलमध्ये एक आख्खं छोटं शहर, रूळ, सिग्नल, पूल, वेगवेगळ्या काळातल्या गाड्या, शो चालू होतो तेव्हा सगळं एकदम धावायला लागतं. सहा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली दुपार नाही. आधी फोन करून शोची वेळ विचारा. चिंचवडच्या सायन्स पार्कला तारांगण आहे, मोठ्या मुलासाठी चांगलं, पण कोथरूडहून लांब पडतं, चार दिवसात बसवायची ओढाताण करू नका. बालगंधर्वला किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात सुट्टीत बालनाट्यं असतात, पेपरमधल्या जाहिराती बघा, एसीत दोन तास जातात आणि मुलं जन्मभर लक्षात ठेवतात.

पाताळेश्वर तुमच्या यादीत नव्हतं, मी घालतोय. जंगली महाराज रोडवरच्या सगळ्या हॉर्नच्या गोंगाटातून तुम्ही आत वळता आणि चार पावलं खाली उतरलात की आठव्या शतकातलं राष्ट्रकूटांच्या काळचं लेणं, सगळं एकाच काळ्या कातळात खोदलेलं. अंगणात गोल नंदीमंडप आहे, चौकोनी जाड खांबांवर दगडी छत्रीसारखं छत. आत गाभाऱ्याकडे गेलात की पायाखालची फरशी थंड लागते, खांबाला हात लावला की थंड, वर टनावारी दगड असल्यामुळे ऊन आत पोचतच नाही. पण अंगण उघडं आहे आणि अनवाणी चालावं लागतं, म्हणून दहाच्या आत किंवा पाचनंतर. हे सगळ्याच देवळांना लागू आहे, पिशवीत प्रत्येकाचे सुती मोजे ठेवा. जेजुरीला जायचं मनात आलं तर तिथे हे फार महत्त्वाचं, उघड्या दगडी पायऱ्या, दुपारी पायाला फोड येतात.

आळंदी आजी-आजोबांसाठी ठेवाच, पण पहाटे निघून, एकादशी आणि रविवार टाळून. सहा-साडेसहाला पोचलात तर माउलींच्या समाधीचं दर्शन निवांत होतं, सुवर्णपिंपळ, अजानवृक्ष, मग बसून दहा मिनिटं हरिपाठ, नऊपर्यंत परतीला. उन्हाळ्यात समाधीवर चंदनाची उटी लावतात ते रूप बघायला मिळालं तर भाग्य. इंद्रायणीत स्नान करायचा आग्रह सासूबाईंनी धरला तरी नको म्हणा, पाणी चांगलं राहिलेलं नाही, हात जोडा आणि पुढे चला.

कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय बुधवारी बंद असतं, हे बघून दिवस ठरवा. उघडायच्या वेळेला दारात असा, कारण ऊन वाढलं की वाघ-सिंह सावलीत आडवे होतात आणि मुलांना नुसती शेपटी दिसते. आवार मोठं आहे, बॅटरीवरची गाडी मिळते, आजी-आजोबांसाठी तीच घ्या. सर्पोद्यान आवर्जून बघा.

बागांचं सांगायचं तर पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला ओकायामा म्हणतात, सकाळी लवकर छान, जपानी पद्धतीची मांडणी, छोटे पूल, पाण्यात लाल-केशरी मासे, मधल्या वेळात बंद असतं. सावली हवी तर एम्प्रेस गार्डन, जुनी प्रचंड झाडं आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली आहेत. सारसबाग आणि शेजारचं पेशवे उद्यान संध्याकाळी, तिथली फुलराणी ही मुलांची छोटी रेल्वे १९५६पासून पुण्याच्या पोरांना फिरवतेय, ती चालू आहे का ते तिकीटखिडकीवर विचारा. तिथूनच पर्वती, एकशे तीन पायऱ्या, रुंद आणि बुटक्या, साडेपाचला चढायला लागलं की वर देवदर्शन होऊन सूर्यास्त मिळतो आणि सगळं पुणे पायाशी. पण पश्चिमेला काळे ढग दिसले तर चढू नका, वळीव येताना आधी धुळीचं वादळ येतं, मग विजा, मग गारा. अशा वेळी गुलमोहराखाली तर अजिबात थांबू नका, ठिसूळ झाड, फांद्या पटापट मोडतात, इमारतीत शिरा. तासाभरात थांबतो आणि मग जी हवा असते ती अनुभवायला तरी मेमध्ये पुण्याला यावं.

सासऱ्यांना वाचनाची आवड आहे असं लिहिलंय, तर एक संध्याकाळ टिळक रोडच्या टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली, दरवर्षी २१ एप्रिलपासून २० मेपर्यंत रोज संध्याकाळी एक व्याख्यान. बाहेरच्या माणसाला हे कोणी दाखवत नाही. तोवर तुम्ही मुलांना घेऊन सदाशिव पेठेत आंबा मस्तानी प्यायला जा, घट्ट दुधात आंबा आणि वर आइस्क्रीमचा गोळा, ग्लास मोठा असतो, दोन मुलांत एक पुरते.

प्यायचं म्हणाल तर पन्हं, कोकम, ताक, नीरा सकाळच्या सकाळी केंद्रावरून, आणि रसवंतीचा उसाचा रस बर्फ न घालता. आजी-आजोबांपैकी कोणाला ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून या, उन्हात पाणी कमी पडून चक्कर येते. ओआरएसची पाकिटं, टोपी, एक ओला पंचा, एवढं रोज पिशवीत.

तर मी असं बसवेन. पहिल्या दिवशी प्रवासाचा थकवा, सकाळी काही नको, दुपारी रेल्वे संग्रहालय, संध्याकाळी सारसबाग आणि पर्वती. दुसऱ्या दिवशी पहाटे सिंहगड, दुपारी झोप, संध्याकाळी व्याख्यान आणि मस्तानी. तिसऱ्या दिवशी आजी-आजोबा आणि ताई पहाटे आळंदी, नवरा आणि मुलं कात्रज (तो बुधवार आला तर चौथ्याशी अदलाबदल करा), संध्याकाळी सगळे मिळून पेठा. चौथ्या दिवशी सकाळी शनिवारवाडा आणि पाताळेश्वर, दुपारी केळकर संग्रहालय, मग सामान. आगाखान पॅलेस जमला तर बघा, १९४२ ते ४४ गांधीजी तिथे नजरकैदेत होते, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या आहेत, रुंद व्हरांडे आणि मोठी झाडं असल्यामुळे सकाळी दहा-साडेदहापर्यंत चालतं, पण त्यासाठी दुसरं काही कापावं लागेल, मी पाताळेश्वर कापणार नाही, शनिवारवाडा एक वेळ बाहेरून बघा.

बाकरवडी शेवटच्या दिवशी घ्या म्हणजे ताजी जाईल, कॅम्पात श्रूजबरी बिस्किटं हवी असतील तर सकाळीच जा, दुपारी दुकान बंद असतं. आणि परतीच्या रेल्वेत आंबे नेणार असाल तर पूर्ण पिकलेले घेऊ नका, आढीतले अर्धे पिकलेले, गवतासकट खोक्यात, खोक्याला भोकं पाडून, सीटखाली नको तर वरच्या बर्थवर ठेवा, खाली पाय लागून दबतात.